मास्तरांचा जिना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मुलगी वास्तुरचनाकार झाली तरी मोजपट्टी घरीच विसरते. ती पोचवायला मी भर दुपारी गेलो होतो. एका जुन्या शाळेची तिने राहती घरं केली होती. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाडं यायची होती, आणि तिच्या हातची ही पहिलीच इमारत.

दगडी कमानी तिने तशाच ठेवल्या होत्या. खिडक्या इतक्या उंचावर, की विद्यार्थ्याला बाहेरचं जग दिसू नये. शिक्षणाचा हेतू इतका स्पष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. मुलांचा मागचा रुंद जिना मात्र पाडून तिथे स्वयंपाकघरं काढली होती. उरला होता पुढचा मास्तरांचा जिना. त्यावर मुलांनी पाय ठेवायचा नाही, असा शाळेचा दंडक होता म्हणे.

मुलगी वर एकटीच होती. खाली रंगारी शोभेला टांगलेली शाळेची घंटा पुसत होता. वाजते का बघू, काका, म्हणाला आणि शाळा सुटल्यासारखे टोले देत सुटला.

वर पावलं धावली. आधी दोन-चार, मग छत हादरेल इतकी. खरं सांगतो, उभ्या नोकरीत माझं काळीज इतक्या उत्साहाने कधी धडधडलं नव्हतं. पावलं मागच्या टोकाला, जिना होता तिथल्या नव्या भिंतीवर जाऊन थडकली. मागची पुढच्यांवर. गिलावा ढासळू लागला. रंगारी ब्रशसकट पळाला. भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात माझी मुलगी होती.

मी हाका मारत जिना चढू लागलो. तेवढ्यात वरून तिचा आवाज आला. हळू, पण करडा. थेट तिच्या आईचा.

"ढकलाढकली नाही... एकामागे एक... आज मास्तरांच्या जिन्याने जा."

सगळं शांत झालं. मग माझ्या कमरेच्या उंचीवरून वारा वाहू लागला. खडूचा, घामाचा, ओल्या दप्तरांचा वास. मी कठड्याला चिकटून वाट दिली.

शेवटची झुळूक फाटकाबाहेर गेली, तेव्हा मुलगी उतरली. एक हात बाजूला धरलेला. बोटं पांढरी पडलेली, कुणी घट्ट आवळल्यासारखी.

"बाबा, हिला न्यायला कुणीच आलेलं नाही..."

संध्याकाळपर्यंत आम्ही फाटकाशी थांबलो. शेवटी टॅक्सी केली आणि मधे जागा सोडून बसलो. एका वळणावर माझ्या दंडाला डोकं टेकलं. ते गार असेल, अशी माझी समजूत होती.

तापाने फणफणलं होतं.