सगळ्यांची एक डहाळी

दोष भिमाजी आबाचा. माझ्या थोरल्या चुलत्याचा. दुसऱ्या कुणाचा नाही, वाघाचा तर नाहीच. आमच्या वलवण गावात हे बोललं की म्हातारे असे बघतात, जणू मी देवळात थुंकलो. बघू देत.

वडील मुंबईला गिरणीत, म्हणून घरात तोंड एकच, आबाचं. मास्तराशी भांडून मी मॅट्रिकची शाळा सोडली, तेव्हा माझ्या वतीनं माफी मागायलाही हाच गेला. मला न विचारता.

भाद्रपदात आबाच्या लेकीला, मुक्ताला, दुसरा मुलगा झाला. तिचं सासर राजमाचीकडच्या एका वाडीत. आबा, आई आणि मी डिंकाचे लाडू पोचवून दुपारी परत फिरलो. वाटेतल्या खिंडीत वाघोबाचा शेंदरी दगड आहे. तिथून जाणाऱ्या प्रत्येकानं आपल्या हातानं एक हिरवी डहाळी तोडून दगडापुढं ठेवायची, ही रीत. सकाळी ठेवल्या होत्या. येताना धुकं उतरलं आणि आबाला घाई झाली. त्यानं आपली डहाळी टाकली. आई कारवीची डहाळी तोडायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाला. "मी टाकली न्हवं? सगळ्यांची एकच. घरचा कर्ता हाय मी."

"देवाम्होरं पण सगळ्यांचा अंगठा तुमीच उठवनार व्हय?" मी म्हणालो.

"शाळंतनं पळालेल्यानं मला शिकवू नगं. चल."

थोरल्या दिरापुढं आईनं जन्मात तोंड उघडलं नव्हतं. तिनं पदर पुढं ओढला आणि हातातली कारवी सोडून दिली. मी मात्र एक डहाळी मोडली आणि आबाच्या डोळ्यांदेखत दगडापुढं ठेवली. देवासाठी नाही. त्याला झोंबावी म्हणून.

उतार लागला. पुढं आबा, मध्ये आई, मागं मी. धुकं इतकं दाट, की आईची पाठही दिसेना. फक्त तिची जोडवी दगडावर वाजत होती. टिक... टिक... कुजलेल्या पाल्याचा वास. तेवढ्यात वर झाडात वानर खाकरलं. वाघ-बिबट्या दिसला की वानरं अशी खाकरतात. मग दुसरं खाकरलं. मग आणखी पुढचं.

"आबा, थांबा. जनावर हाय."

"आपल्यालाच भ्याली ती. गप चाल."

वानरं माणसाला कसली भितात! आमच्या परसातल्या आंब्यावरून उतरून ती आईच्या हातची भाकर नेत. हे आबालाही ठाऊक होतं. पण एकदा बोलला म्हणजे बोलला.

खाकरणं आमच्या बरोबरीनं उतरू लागलं, झाडामागून झाड. मग ओल्या केसांचा उग्र वास आला... आणि जोडवी थांबली.

"आये?"

काही नाही.

"आये..."

"हाय रं." हळू. तिचाच आवाज.

जोडवी परत वाजू लागली. टिक... टिक... आता माझ्या मागून.

वाट एका माणसापुरती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मला धक्का न लागता ती मागं गेली कशी?

"आये... तू म्होरं हुतीस न्हवं?"

"चाल, बाळा."

आई मला मुडद्या म्हणायची. लाडानं, रागानं, कसंही. बाळा कधीच नाही.

मी वळणार, तोच पुढून आबा ओरडला, "मागं बघू नगंस! चाल म्हणतो ना!"

म्हणजे त्याला कळलं होतं. कळूनही पाय थांबले नाहीत म्हाताऱ्याचे.

वलवणाच्या वर धुकं फाटलं. आई माझ्या मागं उभी होती. डोईवर रिकामी दुरडी, अंगावर कुठं ओरखडा नाही. आबा आणि मी धुक्यानं निथळत होतो. तिचं लुगडं कोरडं ठाक होतं.

"ही बघ, हाय का न्हाई?" आबा म्हणाला, आणि तिच्याकडं न बघताच घराकडं वळला.

अजूनही ओसरीवर बसून तो सांगतो, सगळी सुखरूप आणली. ती असते चुलीपाशी, गप. म्हैस तिला कासेला हात लावू देत नाही. ती परसात आली, की आंब्यावरची वानरं शेंड्याला पळतात आणि भर उन्हात खाकरत राहतात, ती आत जाईपर्यंत.

मी एकदा खिंडीत जाऊन आलो. त्या उतारावर, कड्याच्या बुडाशी, आईची जोडवी सापडली. घरात आहे तिच्या पायातही जोडवी आहेतच.

आबानं एक डहाळी वाचवली. माझी आई गेली.