तिसऱ्या हाकेचं उत्तर

दुपारी तीन वाजता दिग्दर्शक आपल्या मुलीला घेऊन स्टुडिओत आला तो एका वाक्यासाठी. तीन शब्दांचं वाक्य, फार तर अर्ध्या तासाचं काम. जुन्या नाटकाचा त्याने केलेला सिनेमा पुरा झाला होता, शेवटची ओळ तेवढी मुलीच्या आवाजात नीट घ्यायची राहिली होती. मूळ नाटकात ही ओळ नव्हतीच. ती त्याने स्वतः घातली होती, आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून थोपटून त्याचा हात अजून कसा दुखला नाही, हेच नवल.

नाटक जुनं, नावाजलेलं. दीपगृहाचा रखवालदार रागाच्या भरात दिवा विझवतो. मुलीच्या प्रियकराची होडी खडकावर फुटावी, एवढाच त्याचा हेतू. पण होडीत मुलगीही असते. बाप पायऱ्यांवर उभा राहून तीनदा हाक मारतो, उत्तर येत नाही, पडदा पडतो. एवढ्यावर तीन पिढ्यांनी रुमाल भिजवले होते. दिग्दर्शकाला त्या रडारडीची शिसारी होती. "मेलेल्याला कवटाळून बसायचं आणि वर त्याला कला म्हणायचं!" तो म्हणे. त्याच्या सिनेमात तिसऱ्या हाकेला मुलगी अंधारातून म्हणते, "बाबा, मी आले." झालं, सगळे खूश.

मुलीच्या भूमिकेत त्याने पोटच्या पोरीलाच घेतलं होतं. साऱ्या जगाला नाक मुरडणाऱ्या या माणसाचा जीव फक्त तिच्यात होता. बायको गेल्यापासून घरात काय तो या पोरीचाच आवाज.

शेवटचा प्रसंग त्याने हौसेने एका जुन्या नाट्यगृहाच्या रंगमंचावर चित्रित केला. त्या दिवशी विंगेत एक म्हातारी येऊन बसली, मांडीवर नाटकाची वही. ती तिथली प्रॉम्प्टर. नट अडखळला की पुढचं वाक्य कुजबुजून पुरवायचं, यातच तिची चाळीस वर्षं गेली होती.

"आजी, सिनेमात प्रॉम्प्टर लागत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चुकलं की आम्ही पुन्हा घेतो. घरी जा, झोप काढा."

म्हातारी रागावली नाही. "त्या बापाला उत्तर नाही हो," ती हळूच म्हणाली. "तुम्ही दिलंत, तर ते कुणाच्या तरी वाट्याचं काढून द्यावं लागेल."

"असं वहीत लिहिलंय का?" सगळे हसले. त्याने स्वतः तिला दाराबाहेर घालवलं आणि आतून कडी लावली. मग रीतीप्रमाणे सगळे अर्धं मिनिट पुतळ्यासारखे उभे राहिले आणि रिकाम्या रंगमंचाची शांतता मुद्रित करून घेतली. संवादांमधल्या फटी बुजवायला ती लागते.

आता स्टुडिओत ध्वनिमुद्रक तीच शांतता कान देऊन ऐकत होता. त्याला सगळे कानसेन म्हणत.

"साहेब... यात कुणीतरी आहे."

"उंदीर असेल."

"उंदीर बोलत नाहीत."

दिग्दर्शकाने हेडफोन चढवले. आधी नुसती पोकळी. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज, आणि पार कानाशी लागून एक पिकली कुजबुज, "हाक... आता गप्प. हाक... आता गप्प. हाक..."

"दुसऱ्या दिवशीची शांतता आहे आपल्याकडे," कानसेन म्हणाला. "ती लावू?"

"काही नको. दाराला तोंड लावून बसली असेल थेरडी."

"दार चांगलं साठ पावलांवर होतं, साहेब..."

"ठेव तीच! थिएटरात लोक तोंड चालवत बसतात. त्यांना कुठली ऐकू येतेय तुझी शांतता?"

कानसेनने ती ठेवली. मुलगी काचेपलीकडच्या खोलीत माईकसमोर उभी राहिली. बापाचं काम करणारा नट आलेला नव्हता, म्हणून हाका दिग्दर्शकानेच द्यायच्या होत्या. बंद खोलीत कुठूनसा ओल्या लाकडाचा आणि विझल्या वातीचा वास यायला लागला.

"पोरी..." त्याने पहिली हाक दिली. आवाज इतका कापेल, असं त्याला वाटलं नव्हतं. "पोरी..." आणि मग तिसऱ्यांदा, "पोरी...!"

काचेपलीकडे मुलीचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही.

"चिमणे, पुन्हा घे. माईक बंद आहे."

"बंद कुठे?" कानसेन डोळे पुसत म्हणाला. "काय बोलली पोरगी! अंगावर काटा आला."

त्याने मुद्रण परत लावलं. दिग्दर्शकाला स्वतःच्या तीन हाका स्वच्छ ऐकू आल्या. पुढे मात्र काहीच नव्हतं. "आवाज वाढव... अजून वाढव," तो म्हणत राहिला, आणि कानसेन त्याच्याकडे बघत राहिला.

मुलगी बाहेर आली. दाराची करकर त्याने ऐकली, तिच्या चपलांचा आवाज ऐकला. ती हसत त्याच्यासमोर उभी राहिली, ओठ हलवत. मग तिचं हसू मावळलं. तिने त्याचा हात धरला. तिचा हात ऊबदार होता.

"चिमणे, मोठ्याने बोल ना गं... बाबाला ऐकू येईल असं बोल..."

तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. डोळ्यांत पाणी आलं.

"काय म्हणतेय ती?" त्याने कानसेनचा दंड पकडला. "सांग ना रे! काय म्हणतेय?"

कानसेन एक पाऊल मागे सरला. "साहेब, असं काय करताय... केव्हाची विचारतेय ती, 'बाबा, तुम्ही नुसते ओठ काय हलवताय? बोला ना काहीतरी.'"