सागवानी टेबलाचा खण

रविवारी दुपारी सुतारीण लाकडाच्या वखारीतून परतली. कारखान्याचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत सागवानी टेबलही जागेवर होतं. फक्त त्याच्या तीन खणांपैकी सगळ्यात खालचा खण गायब होता.

दातांच्या दवाखान्यातली नोकरी सोडून ती या कामात पडली, त्याला चार वर्षं झाली होती. चाळिशी उलटलेली, हातात पटाशी आणि डोक्यावर काम शिकवणाऱ्या मिस्त्रींचा ओरडा. खिळा नाही, स्क्रू नाही. लाकडात लाकूड बसवायचं. हे टेबल तिच्या पहिल्या गिऱ्हाइकाचं. उद्या सकाळी द्यायचं होतं.

तासाभरात वहिनी आल्या. खासगी गुप्तहेर. दिरानं वहिनी म्हणायला सुरुवात केली आणि सगळं गावच त्यांचा दीर झालं. खरे दीर, भावोजी, वही घेऊन मागे होते.

“किल्ल्या कुणाकडे?”

“माझ्याकडे, वर राहणाऱ्या मिस्त्रींकडे आणि त्यांच्या मुलाकडे. दोघांना मी फोनवर एवढंच सांगितलं, की टेबलाचा खण चोरीला गेला.”

वहिनींनी जमिनीवरून लाकडाची ढलपी उचलली. रंध्याखालून निघालेली, कागदासारखी पातळ, चांगली हातभर लांब, कुठेही न तुटलेली.

“तुमची?”

सुतारीण त्या ढलपीकडे बघतच राहिली. “माझी वीतभर निघाली की तुटते.”

“आणि हा धारेचा दगड ओला कसा?”

“मी आज त्याला हात लावलेला नाही.”

“मुलगाच!” भावोजी कुजबुजले. “त्याला ही जागा मशीनवाल्याला द्यायचीय.”

मुलगा आला तो तणतणतच. “द्यायचीय, खोटं कशाला बोलू? पण खण नेऊन काय लोणचं घालू? रंधा हातात धरूनही वीस वर्षं झाली. माझं सगळं काम मशीनवर.”

मग सगळे वर गेले. मिस्त्री खाटेवर बसून पाणी पीत होते. भांडं अर्धंच भरलेलं, तरी हिंदकळत होतं.

“हात बघताय ना?” ते म्हणाले. “दोन महिन्यांत जिना उतरलो नाही.” मग ते सुतारणीवर उखडले. “आणि तुला किती वेळा सांगितलं, लाकडाची रेघ बघून रंधा मार! त्या खालच्या खणाच्या डाव्या बाजूला उलटा मारलास. मग अडकणारच तो.”

“चुकलं, मिस्त्री,” ती सवयीनं म्हणाली.

“भावोजी, वही मिटा,” वहिनी म्हणाल्या.

“अहो, पण चोर?”

“चोर कधी हत्याराला धार लावतो का? ज्यानं दगड भिजवला, तो काम करायला आला होता. तशी ढलपी बाईंच्या हातून निघत नाही आणि मुलाचा हात तर कधीच सुटलाय. राहिलं कोण? मिस्त्री, खण खालचा होता हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि त्याची बाजू तर तो बाहेर काढल्याशिवाय दिसतच नाही.”

मिस्त्रींनी भांडं खाली ठेवलं. मग वाकून खाटेखालून खण ओढला. डाव्या फळीत खोल खड्डा पडला होता, कोपऱ्यातला सांधा चिरला होता.

“रोज खालून तुझी करवत ऐकू येते, पोरी,” ते म्हणाले. “वाटलं, तू येईपर्यंत एवढा अडकलेला खण मोकळा करून ठेवावा. पहिला हात असा पडला म्हणून सांगू! वाटलं, आला माझा हात परत. दुसऱ्याला रंधा निसटला.”

“मग मला सांगायचं ना!”

“कोणत्या तोंडानं? तुझं काम अडकत होतं फक्त. बिघडवलं ते मी.”

तिला रागावायचं होतं. पण त्यांचे हात मांडीवर नुसतेच थरथरत पडले होते. एरवी ते कधी रिकामे बसलेले तिनं पाहिले नव्हते.

तिनं गिऱ्हाइकाला फोन लावला. “चार दिवस जास्त लागतील.” तिकडून बरीच कुरकुर झाली. तिनं ती ऐकून घेतली आणि मिस्त्रींपुढे खांदा केला.

“चला खाली. फळी निवडून द्या.”

एकेक पायरी उतरायला वेळ लागला. खाली आल्यावर मिस्त्रींनी रचलेल्या फळ्या बोटानं वाजवून पाहिल्या, एकीला कान लावला.

“ही घे,” ते म्हणाले. “आणि मी ओरडलो, तर ओरडू दे.”