चौकट नसलेली काच

तो आला होता पत्ता विचारायला. मी गाडीच्या काचेपुढे, काचेवर चिकटवायच्या निळ्या फिल्मचं एक टोक दातांत आणि दुसरं हातात धरून उभी. त्याने काही न विचारता मधेच लोंबणारी फिल्म अलगद सावरली.

"कुठं जायचंय?" मी दातांतल्या दातांत विचारलं.

"गाड्यांची सीट-कव्हरं शिवतात तिथं. पण... आता घाई नाही."

ते आमच्या दुकानाच्या शेजारचंच निघालं, आणि तो तिथं कामाला लागला. त्यानंतर शिलाई मशीनची घरघर थांबली की समजावं, हा येतोय. बाबा कुरकुरायचे, "हा त्यांच्याकडे कामाला आहे की आपल्याकडे?" मला तो मास्तरीणबाई म्हणायचा. फिल्मखाली एक बुडबुडा राहिला तरी मला चैन पडत नसे ना, म्हणून.

त्या दिवशी दोन दारांची जुनी गाडी आली होती. तिच्या दारांना काचेभोवती चौकट नव्हती. अशा दाराचं हँडल ओढलं की काच आपोआप बोटभर खाली सरकते. फिल्म ओली असताना दार उघडलं, तर तिची कड रबरात अडकून चुरगळलीच म्हणून समजा. त्यामुळे फिल्मखालचं शेवटचं पाणी मी दारं लावून आतूनच निपटायचे, आणि फिल्म घट्ट धरेपर्यंत आतच बसून राहायचे. निळसर उजेड, साबणाचा वास, काचेवरून रेंगाळत उतरणारे थेंब... सगळं जग जरा लांब गेल्यासारखं वाटायचं.

त्या निळाईत तो दिसला. खांद्याला बॅग.

त्याने हँडलला हात घातला. मी जोरात मान हलवली — नको.

"बरं," तो बाहेरूनच म्हणाला. "मोठ्या शहरात काम मिळालंय. संध्याकाळची बस आहे. सांगायचा धीरच होत नव्हता..."

मी कानाकडे बोट केलं. ऐकू येत नाही. खोटं होतं ते. दाराचं रबर झिजलेलं, शब्दन् शब्द आत येत होता.

"ऐकू येत नाही, तेच बरं," तो हसला. मग काचेच्या इतका जवळ आला की त्याच्या श्वासाने ती धुरकटली. "तिथं माझं मन लागायचं नाही, माहितेय मला. तू एकदा नुसतं 'राहा' म्हणाली असतीस ना... तर बॅग भरलीच नसती."

माझा हात काचेकडे गेला, आणि तसाच थांबला. फिल्म ओली होती.

तो वळला. फाटकापर्यंत पोचलासुद्धा.

मी हँडल ओढलं.

काच खाली सरकली. सकाळपासूनचं काम चुरचुरत रबरात गेलं.

"राहा," मी म्हणाले.

तो परत आला. आधी काचेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"वाट लागली की सगळ्याची."

"लागू दे."

"म्हणजे... ऐकू येत होतं?"

"पहिल्यापासून."

त्याचे कान लालबुंद झाले. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी चुरगळलेली फिल्म पाहिली, माझा चेहरा पाहिला, त्याची बॅग पाहिली. "गाडीवाल्याला उद्या बोलावतो," एवढंच म्हणाले, आणि चहा आणायला निघून गेले.

त्याने बॅग खाली ठेवली. "तिकडे फोन करायला हवा. येत नाही म्हटलं, तर कारण विचारतील."

"सांग की लग्न ठरतंय."

"कुणाचं?" त्याने इतक्या हळू विचारलं, की यावेळी मला खरोखरच जेमतेम ऐकू आलं.

"ते आधी बाबांना विचार," मी म्हणाले. "चहा घेऊन येतीलच आता."