झीलची जागा

उमरग्यात हायवेला लागून अमरदीपचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणायचं आपलं. दोन खोल्या, भिंतींवर ठोकलेल्या गोधड्या आणि आतल्या खोलीत गाणाऱ्याला उभं राहायला कपाटाएवढी केबिन. शुक्रवारी दुपारी तो एका गाण्यावर शेवटचा हात फिरवायला बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी जळकोटला त्याच्या आईचा, मालनबाईंचा, पहिल्या वर्षाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि हे गाणं तिथं भोंग्यावर लावायचं होतं.

गाणं म्हटलं होतं त्याच्या वडिलांनी, ज्ञानोबांनी. चाळीस वर्षं त्यांची पार्टी गावोगाव भीमगीतं गात हिंडली आणि चाळीस वर्षं त्यांच्या मागं झील धरली ती मालनबाईंनीच. ज्ञानोबांनी ओळ सोडली की तिचं शेपूट पकडून त्या ती परत वर न्यायच्या. त्या गेल्या आणि ज्ञानोबांनी तोंडच मिटलं. या गाण्याला कसेबसे तयार झाले, तेही एका अटीवर.

"झीलची जागा रिकामी ठिवायची, अमर. तितं कुनी म्हनायचं न्हाय. ती तिची हाय."

अमरदीप हो म्हणाला. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. भोंग्यावर गाणं मधेच गप्प झालं तर लोकांना वाटेल वायर निघाली, असं त्याच्या मनानं घेतलं. सोमवारी वडील, म्हणजे त्याचे आबा, गावाकडं गेल्यावर त्यानं बायकोला, दीक्षाला, केबिनमध्ये उभं केलं आणि सगळ्या रिकाम्या जागा भरून घेतल्या. ती नको नको म्हणत होती. गायली मात्र छान.

त्याच संध्याकाळी तिचा आवाज गेला. बसला किंवा घोगरा झाला असं नव्हे, गेलाच. ओठ हलायचे, श्वास यायचा, पण शब्द काही फुटायचा नाही. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, घसा स्वच्छ आहे म्हणाले. अंगणवाडीत तीस पोरांना गाणी शिकवणारी बाई चार दिवस मोबाइलवर लिहून बोलत होती. अमरदीपला अन्न गोड लागत नव्हतं. हे आपल्यामुळं झालं, एवढं त्याला आतून कळत होतं. फक्त कसं झालं ते कळत नव्हतं.

तरी काम तर संपवायलाच हवं होतं. आबांचा गळा आता एका शब्दाला गर्जायचा आणि पुढच्याला विझायचा. अशा वेळी कॉम्प्रेसर लागतो. आवाजाच्या बटणावर ठेवलेला हातच तो. गाणारा चढला की दाबतो, उतरला की सोडतो. मग सगळंच थोडं वर उचलायचं, म्हणजे हळू शब्दही मागच्या रांगेत पोचतात. किती दाबलं ते पडद्यावर एक काटा खाली झुकून दाखवतो. ढोलकीला चालतो तो चपळ कॉम्प्रेसर अमरदीपनं बाजूला ठेवला आणि म्हाताऱ्या गळ्याला सांभाळून घेणारा सावकाश कॉम्प्रेसर लावला.

आबांच्या ओळीला काटा जरासा झुकला, परत वर आला. ओळ संपली, दीक्षाची झील सुरू झाली आणि काटा थेट तळाला जाऊन बसला. तोंडावर उशी धरावी तसा तिचा आवाज चेपला गेला. ती तर हळू गायली होती. एवढं दाबायचं कारणच नव्हतं. अमरदीपनं तिचा ट्रॅक काढून टाकला आणि गाणं पुन्हा लावलं.

आबांची ओळ संपली. शांतता. काटा खाली गेला.

दाबायला आधी काहीतरी मोठं वाजावं लागतं. इथं तर काहीच वाजत नव्हतं. हायवेच्या ट्रकांची घरघर असेल, कानाला कळत नाही पण काटा हलवते, असं म्हणून त्यानं खालचे सगळे सूर कापले. काटा तरीही खालीच. ट्रकासारखा तो कसाही हलत नव्हता. झील जेवढी लांब, तेवढाच वेळ तळाला बसायचा आणि बरोबर समेवर उठायचा. तिथंच थांबायला हवं होतं त्यानं. पण मनात भलतीच आशा उठली होती. त्यानं आणखी दाबलं, आणखी उचललं. पंख्याची घुंई वर आली. मग श्वास. मग फार लांबून एका बाईचा आवाज.

"माय..." तो पुटपुटला आणि गाणं ऐकायला गावाहून परत आलेल्या, बाहेरच्या खोलीत पडलेल्या आबांना हाक मारली.

आबांनी हेडफोन लावला. डोळे मिटले.

"माय हाय ना, आबा?"

"न्हाय... मालनचा गळा मला कळत न्हाय व्हय? ही दीक्षा हाय."

"तिचा ट्रॅक काढलाय मी, आबा."

"आन ती गात न्हाय. बोलतीय..."

अमरदीपनं स्पीकर चालू केला.

"अहो... दार उघडा... अहो..."

त्यानं गर्रकन मान वळवली. उकाड्यामुळं केबिनचं दार सकाळपासून सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

"तू तिला हितं उभी केलतीस?" आबांनी विचारलं. त्यानं होकारार्थी मान हलवली. आबा रागावले नाहीत, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"दार उघडा..." दीक्षाचा आवाज पुन्हा आला. या वेळी शेवटचा शब्द मागून कुणीतरी उचलला, जाड, पिकल्या गळ्यानं, आणि ओढत वर नेला. आबा स्पीकरकडं सरकले.

"ही... ही मालन."

अमरदीपनं गाणं बंद केलं. फाइल पुसायला हात पुढं गेला आणि तसाच थांबला. पुसली तर दीक्षाचा आवाज परत यायचा कुठून? आणि न पुसता सकाळी लावायचं काय?

पावलं वाजली. चहाचे कप घेऊन दीक्षा दारात उभी होती. दोघांचे चेहरे पाहून घाबरली. गाणं बंद होतं, माइकची वायर टेबलावर गुंडाळून ठेवलेली होती. काय झालं म्हणून विचारायला तिनं तोंड उघडलं.

पडद्यावरचा काटा खाली बसला.