रांगेतली चप्पल

"सोड त्याला, दादा! सोड म्हन्ते ना... न्हाई तर ह्यो विळा हाय माझ्या हातात!"

तारामती ओरडली तसा शेषेराव गर्रकन वळला. बैलाचं दावं घेऊन त्यानं भुजंगाला, आपल्याच धाकट्या भावाला, गोठ्यातल्या मेढीला आवळून बांधलं होतं, आणि ते बारा वर्षांचं पोरगं मेढीवर डोकं आपटत होतं... धाड! धाड! त्यांची माय, केवळाबाई, उंबऱ्यावर बसून पदरात तोंड खुपसून रडत होती, पण उठत नव्हती.

"जत्रंत माझ्या सासुरवाडीची मानसं येनार हायत," शेषेराव दात खाऊन बोलला. "ह्या येड्याला बघितलं तर सोयरीक मोडंल! दिस मावळंपतुर हितंच ऱ्हाऊ दे."

"आन पाळना? सालभर त्यो वर वर करून राहिला, ते दिसलं न्हाई तुला?"

भुजंगाला एकच शब्द येत होता... 'वर'! मागच्या जत्रेत त्यानं लांबून रहाटपाळणा बघितला, तेव्हापासून तो रोज आभाळाकडं बोट करायचा, आणि तारामतीनं त्याला वचन दिलं होतं. आज जत्रा संपली की पाळणा उकलून जाणार होता.

तिनं खचकन दावं कापलं. शेषेरावची चपराक अशी बसली की तिचा ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली... पण डोळ्यांत टिपूस नाही!

"ह्याच्यापायी साळा सुटली तवा न्हाई रडले मी. तुझ्या चपराकीला रडते व्हय?"

भुजंगाचा हात धरून ती तडक जत्रेत गेली.

पण पाळण्याची रांग! धुराळा, पिपाण्या, भोंग्यावरचा गोंगाट, पुढं-मागं माणसांचे धक्के... भुजंगानं कान दाबले, मग स्वतःचंच मनगट कचकन चावलं, मग पुढच्याच्या पाठीत डोकं हाणलं. "धरा रं त्याला! द्या दोन ठिवून!" लोक खवळले. तारामतीनं त्याला ओढून बाहेर काढलं. आता? पुन्हा एक साल ह्या मुक्या जिवाला काय सांगू? तिचं अंतःकरण फाटून गेलं... आणि तिची नजर त्याच्या चपलेवर गेली.

लातूर नवा जिल्हा झाला होता, साहेब आले, जिपा आल्या. पाणी तेवढं आलं नव्हतं. सगळं टँकरवर. टँकरच्या रांगेत माणूस थोडाच उभा राहतो? घागर उभी राहते, माणूस सावलीला! घागरीचा नंबर तोच माणसाचा, आणि रांग सरकली की मागचा ती पायानं पुढं ढकलतो. तिनं भुजंगाची एक चप्पल काढून रांगेतल्या एका म्हातारीच्या पुढ्यात ठेवली.

"मावशे, हीच ह्याची घागर समज."

"अगं पोरी, ही काय टँकरची रांग हाय?" म्हातारी बोळकं पसरून हसली. "बरं, जा, बस लिंबाखाली."

आणि काय नवल... चप्पल चालायला लागली! सवयीचे पाय ते, न सांगता ढकलत होते. लिंबाखाली भुजंग शांत झाला होता. चप्पल सरकली की म्हणायचा, "वर."

तेवढ्यात नरसिंग आला, शेषेरावचा होणारा मेव्हणा, चार टवाळ पोरं घेऊन. ह्या दोघांना त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"चप्पल बसनार हाय का पाळन्यात?" म्हणत त्यानं लाथ हाणली. चप्पल उडाली.

भुजंग किंचाळत धावला आणि त्यानं नरसिंगच्या पोटात डोकं खुपसलं. नरसिंग धुराळ्यात उताणा! मग बुक्क्या, लाथा... कोणीतरी हलवायाच्या पालाचा बांबूच उपटला. तारामती भावावर पालथी पडली, आणि तो बांबू तिच्या कपाळावर बसला. डोळ्यांपुढं सगळं लालभडक!

गलका ऐकून शेषेराव पळत आला. डोक्याला गुलाबी फेटा, पायात नवे बूट.

"दाजी, ह्ये येडं कुनाचं वो?" नरसिंगनं विचारलं.

शेषेराव नुसता फेटा सावरायला लागला. तारामतीनं रक्तातनं त्याच्याकडं बघितलं... दादाचं लगीन! तिनं काळजावर दगड ठेवला.

"आमचा ह्यांचा काय संबंध न्हाई. दुसऱ्या गावचे हाव आमी. जातो."

"संबंध न्हाई?" शेषेरावच्या छातीतनं हंबरडा फुटला. त्यानं बांबू हिसकावला आणि नरसिंगच्या खांद्यावर कडाकडा मोडला. "त्यो माझा भाऊ हाय! आन ही माझी सख्खी भैन!"

"मग सोयरीक मोडली समजा!" खांदा धरून नरसिंग ओरडला.

"मोडली! नीघ!"

त्यानं फेटा टराटरा फाडून तारामतीचं कपाळ बांधलं. मग पायातला नवा बूट काढला आणि चपलेच्या जागी, रांगेत ठेवला.

"मारा आता लाथ, कुनाला मारायची त्यानं!"

कोणी हललं नाही. म्हातारीनं तेवढा अंगठ्यानं बूट पुढं सरकवला.

"या, बूटवाले!" पाळणेवाला महादेवप्पा हाळी देऊन हसला. शेषेरावनं बहिणीला पुढं केलं. ती मागं सरली.

"तू बस त्याच्यासंगट, दादा. तुझा हात त्याला फकस्त मारायचाच ठावा हाय..."

पाळणा उचलला. वरून भुजंगाची किंकाळी आली आणि खालची माणसं दचकली... पण ते हसणं होतं! "वर! वर!" आणि त्याला कवेत धरून, एवढा बाप्या गडी शेषेराव, आभाळात ओक्साबोक्शी रडत होता.

खाली उतरल्यावर तो, एका पायात बूट, एक पाय अनवाणी, तसाच तारामतीपुढं वाकला. सकाळी जो हात तिच्या तोंडावर पडला होता, त्याच हातानं तिच्या पायातली चप्पल काढायला लागला.

"दादा! पायाला हात नगं लावू..."

"गप." त्यानं ती चप्पल नेऊन रांगेच्या शेवटाला ठेवली आणि भुजंगाचं बोट धरून लिंबाकडं वळला. "आता तुझा नंबर, तारा. ह्याच्यापाशी मी बसतो... आजपून मीच बसत जाईन."