मुंगीसाठी ठेवलेली चिठ्ठी

लिहा, लिहा. उद्याच्या खजिनाशोधाच्या चिठ्ठ्या लिहिताय, मला काय कळत नाही होय? फ्रिजखाली एक, चपलांच्या कपाटात एक, गच्चीच्या कडीला एक. झकास. फक्त एक सांगा. जेवढ्या ठेवाल तेवढ्या खेळ संपल्यावर परत गोळा करणार ना?

हसताय कशाला? आबा आता डोक्यावर पडले, असंच ना? मग ठेवा ती पेनं खाली. मोबाईलही पालथा ठेव रे, सगळ्यांत आधी तू. ऐका.

मी शाळेत कारकून होतो तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे भूगोलाच्या बाई होत्या. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं होकायंत्र, कारण बाई कुठेही उभ्या असल्या तरी आधी उत्तर दिशा कुठे ते सांगायच्या आणि मग फळ्याकडे वळायच्या. दरवर्षी त्या पाचवीच्या पोरांसाठी खजिनाशोध मांडायच्या. खजिना म्हणजे काही सोनंनाणं नव्हे हो! चार भिंगं, रंगपेन्सिली, एखादा घडीचा नकाशा. पण तेवढ्यासाठी पोरं पावलं मोजायची, दिशा काढायची, शब्दकोश उलटापालटा करायची. वर्षभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली पोरंसुद्धा त्या दिवशी कचाकचा भांडायची. बाईंना त्याचाच आनंद.

बाईंची पद्धत ठरलेली. चिठ्ठ्या आदल्या रात्री ठेवायच्या, आणि त्या शेवटून सुरुवातीकडे. आधी खजिना, मग सातवी चिठ्ठी, मग सहावी. म्हणजे कुठली चिठ्ठी रिकाम्या जागेकडे बोट दाखवत नाही. खेळ जोडीनेच खेळायचा, एकट्याने नाही. चिठ्ठी वाचली की जोडीतल्या प्रत्येकाने आपला एक कोपरा दुमडायचा आणि ती जागच्या जागी ठेवायची. दोन कोपरे दुमडलेले दिसले की समजायचं, एक जोडी इथून गेली.

तर एकवीस नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचे पावणेनऊ. संध्याकाळी मीच त्यांना चाव्यांचा जुडगा दिला होता. बाईंचे यजमान छापखान्यात रात्रपाळीला, त्यामुळे दहा वर्षांच्या लेकीला घरी एकटी कशी ठेवणार? बरोबर घेऊन आल्या. लेकीला सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी बसेल तर शपथ! पण दुसऱ्या दिवशी तीही खेळणार होती, तिला चिठ्ठ्यांच्या जागा दिसून कसं चालेल? म्हणून बाईंनी तिला शिक्षकांच्या खोलीत बसवलं, पुढ्यात चित्रांची वही ठेवली आणि बजावलं, "मी येईपर्यंत या खुर्चीवरून उठायचं नाही."

"आणि शू लागली तर?"

"तर मोठ्याने हाक मार. नाटकी कुठली!"

पुढच्या फाटकावर राखणदार रेडिओ ऐकत बसलेला. आत दिवे सुरू. घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. बाईंनी चित्रकलेच्या खोलीत खजिन्याचा डबा ठेवला आणि एकेक चिठ्ठी मागे मागे ठेवत निघाल्या. सातवी, सहावी, पाचवी. चौथीला मात्र त्या थबकल्या.

चौथीची जागा यंदा होती भूगोलाच्या वर्गातल्या नकाशांच्या कपाटामागे. त्या कपाटामागे बाईंनी सात वर्षांत हात घातला नव्हता.

त्याचं कारण मुंगी. बाईंच्या पहिल्या खजिनाशोधाच्या वर्षी वर्गात एक पोरगी होती, एवढीशी, म्हणून मुंगी. महिनाभर आधीपासून बाईंच्या मागे भुणभुण. बाई, कधी? बाई, अजून किती दिवस? आणि नेमकी खेळाच्या आदल्या दिवशी तापाने फणफणली. दवाखान्यात ठेवली. तिची आई शाळेत आली नि म्हणाली, "बाई, ती सारखं विचारतेय, माझ्याशिवाय खेळ संपला का?"

बाईंचा जीव गलबलला. त्यांनी तिथल्या तिथे कागद घेतला आणि लिहिलं, 'मुंगी, तुझ्यासाठी खेळ थांबवून ठेवलाय. बरी झालीस की ये. जोडीदार मी देते.' आईला वाचून दाखवला, घडी केली आणि तिच्यादेखत कपाटामागे ठेवला. आईने जाऊन लेकीला सांगितलं. पोर हसली म्हणे.

आठव्या दिवशी मुंगी गेली.

खेळ संपला की एकूण एक चिठ्ठी गोळा करायची, हा बाईंचा स्वतःचाच नियम. पण ती एक काढायला त्यांचा हात धजला नाही. सात वर्षं ती तिथेच राहिली. त्या रात्री मात्र त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आज ती चिठ्ठी काढायची, डोळ्यांतून पाणी आलं तर येऊ द्यायचं, आणि तिथे नवी ठेवायची.

त्यांनी कपाटामागे हात घातला. चाचपडलं. भिंतीपर्यंत चाचपडलं. चिठ्ठी नव्हती.

झाडलोट करणाऱ्याने काढली असेल, बाईंनी स्वतःची समजूत घातली. जरा हायसंच वाटलं त्यांना, खोटं कशाला बोला. चौथी तिथे ठेवली, तिसरी प्रयोगशाळेतल्या सांगाड्याच्या बरगडीत, दुसरी ग्रंथालयातल्या शब्दकोशात, पहिली अंगणातल्या घंटेच्या चौकटीत. झालं काम. दहाला वीस कमी होते.

आता उरली शेवटची फेरी. मुलं जातील तसं पहिलीपासून सातवीपर्यंत जाऊन बघायचं, सगळं जागच्या जागी आहे ना.

पहिली चिठ्ठी त्यांनी काढली. एक कोपरा दुमडलेला होता.

माझ्याच हाताने दुमडला असेल, त्या म्हणाल्या.

दुसरी. शब्दकोशात होती तशीच. एक कोपरा दुमडलेला.

तिसरी. सांगाडा किंचित हलत होता. वारा असेल. पण खिडक्या बंद होत्या... एक कोपरा.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. कुणीतरी एकटं खेळत होतं. त्यांच्या पुढे पुढे, त्यांच्याच शाळेत, जोडीदाराशिवाय.

"भिंगरी?" त्यांनी हाक मारली. "भिंगरे, तू आहेस का गं? मार खाशील हं."



चौथी. एक कोपरा.

चौथीकडून पाचवीकडे जाताना मध्ये शिक्षकांची खोली लागते. दार लोटलेलं होतं, आत दिवा होता, सगळं शांत होतं. पोरगी चित्र काढतेय, असं समजून बाई तशाच पुढे गेल्या. हीच चूक झाली, त्या मला नंतर म्हणाल्या. तिथे थांबायला हवं होतं, भाऊ.

पाचवी जिन्याखाली, खेळाच्या सामानाच्या पेटीत. बाईंनी ती उचलली.

दोन कोपरे.

क्षणभर त्यांना काही कळलंच नाही. मग कळलं. 

त्या धावत मागे गेल्या. दार ढकललं. खुर्ची मागे सरकलेली. पेन्सिल जमिनीवर. वही उघडी. खोलीत कुणी नाही.

"भिंगरी!"

सहावी. दोन कोपरे. सातवी... दोन कोपरे. चित्रकलेच्या खोलीत डबा उघडा होता. भिंगं जागेवर, पेन्सिली जागेवर. कशालाही हात लावला नव्हता. आलेल्याला खजिना नको होता.

मागचं दार सताड उघडं होतं.

आमच्या शाळेच्या मागच्या फाटकापलीकडे दगडाची जुनी खाण होती. पाण्याने भरलेली. म्हणून त्या फाटकाला बारा महिने कुलूप. दारापासून फाटकापर्यंतची वाट त्याच संध्याकाळी गवंड्यांनी सिमेंटची केली होती. ओली होती अजून. कडेला दोरी बांधलेली.

आणि त्या ओल्या वाटेवरून भिंगरी चालली होती. सावकाश. उजवा हात जरासा बाजूला धरलेला, मूठ मिटलेली. कुणाचा हात धरावा ना, तशी.

समोर फाटक उघडं.

"भिंगरी, थांब!"

पोरीने मागे वळूनही पाहिलं नाही. "आई, मध्ये येऊ नकोस ना. ती म्हणते, बाहेर अजून एक जागा आहे."

"ती कोण?"

"ही." मग जरा रागानेच म्हणाली, "तूच तर मला दिलंस ना हिला? तिच्याकडे तुझी चिठ्ठी आहे."

पोरीच्या डाव्या हातात कागद होता. पिवळा पडलेला. अक्षर बाईंचं.

बाई धावल्या. पाय रुतत होते. फाटकाच्या दोन हात अलीकडे त्यांनी लेकीला गाठलं, कमरेला धरलं. पोर हलेना! दहा वर्षांची काडी पोर, पण पलीकडून कुणीतरी ओढत होतं. जोर करून नाही... हट्टाने. लहान मूल ओढतं तसं.

बाईंना रडू फुटलं.

"मुंगी," त्या म्हणाल्या. "मुंगे, बाळा, माझं चुकलं. जोडीदार देते म्हणाले. पण ही नाही गं. ही माझी आहे. हिच्याशिवाय मी नाही जगायची."

  रेडिओसुद्धा ऐकू येईना.

"तुझी जोडीदार मी." बाईंनी डावा हात पुढे केला. रिकाम्या हवेत. "मी येते तुझ्याबरोबर. चल, आत चल..."

किती वेळ गेला, त्यांना सांगता येत नाही.

मग भिंगरीची मूठ उघडली. "आई," ती पेंगुळलेल्या आवाजात म्हणाली, "तिने माझा हात सोडला."

बाईंनी तिला उजव्या हाताने कडेवर उचललं आणि मागे फिरल्या. डावा हात त्यांनी लेकीला लावलाच नाही. तो कोपरापर्यंत गार पडला होता. आणि मूठ मिटली होती. त्यांनी मिटली नव्हती.

भिंगरी ठणठणीत आहे. यंदा दहावीला बसेल. बाईंनी पुन्हा कधी खजिनाशोध मांडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायला मीच पहिला गेलो. मागचं दार उघडं दिसलं, म्हणून बाहेर डोकावलो. सिमेंट वाळलं होतं. फाटकाकडे जाणारे भिंगरीचे बूट उमटले होते, तिच्याशेजारचं सिमेंट कोरं. तिच्या मागून धावत गेलेल्या बाईंच्या चपला. परत येणाऱ्याही चपलाच, लेकीच्या वजनाने खोल रुतलेल्या. आणि त्यांच्या डाव्या अंगाला, अगदी लागून, पावलाला पाऊल लावत... अनवाणी पाय. एवढे एवढेसे. जाताना नव्हते. येताना होते. दारापर्यंत.

मुख्याध्यापक आले, त्यांनी पाहिलं आणि पांढरेफटक पडले. म्हणाले, पहार आणा, आत्ताच्या आत्ता फोडून टाका. मी पहार आणायला वळलो, तर मागे मुंगीची आई उभी. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. ती वाटेवर बसली आणि त्यातल्या एका पावलाच्या करंगळीवर तिने बोट ठेवलं. ती करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

"जन्मापासून अशीच होती हिची," ती म्हणाली. मग मुख्याध्यापकांपुढे तिने हात जोडले. "फोडू नका हो साहेब. शाळेत आलीय माझी पोर."

मी पहार परत ठेवून आलो.